परिमिती वाढली की क्षेत्रफळही वाढतं?

लिपिंग मा यांच्या 'नोइंग अँड टीचिंग एलिमेंटरी मॅथेमॅटिक्स' (1999) या पुस्तकात एक कल्पित प्रसंग आहे. एक विद्यार्थिनी शिक्षकांना उत्साहाने सांगते, "बंद आकृतीची परिमिती वाढली की क्षेत्रफळही वाढतं, हे मी शोधून काढलंय!" पुरावा म्हणून तिच्याकडे 4 सेंमी बाजूचा चौरस आणि 4 बाय 8 सेंमीचा आयत आहे. परिमिती 16 वरून 24 झाली, क्षेत्रफळ 16 वरून 32. आता शिक्षकांनी काय करावं?

मा यांनी हे 23 अमेरिकी आणि 72 चिनी शिक्षकांना विचारलं. बहुसंख्य चिनी शिक्षक बरोबर उत्तरापर्यंत पोचले. विधान खोडणारं उदाहरण सापडलेला अमेरिकी शिक्षक एकच. खरं तर 8 बाय 1 चा आयत पुरतो: परिमिती 18, क्षेत्रफळ फक्त 8.

एवढ्याशा नमुन्यावरून दोन देशांची तुलना करणं मला पटत नाही. पुस्तकाचं मोल त्या प्रश्नात आहे. मुलगी चुकली, एवढं सांगून काम भागत नाही. एक बाजू तीच ठेवून दुसरी वाढवली तर तिचं म्हणणं खरंच आहे. ते कुठे खरं आणि कुठे खोटं, हे तिच्यासोबत बसून तपासायला शिक्षकाला स्वतःला गणित यावं लागतं. शिवाय तिच्या चौरसात परिमितीही 16 आणि क्षेत्रफळही 16! एक 16 लांबीचा, दुसरा चौकटींचा, हा फरक सूत्र पाठ करून दिसत नाही.

परदेशात मुलांचा गृहपाठ घेताना आपणही 'लांबी गुणिले रुंदी' एवढंच बजावतो. (अमेरिकेच्या 'कॉमन कोअर'मध्ये तिसरीलाच सारखी परिमिती पण वेगळं क्षेत्रफळ असलेले आयत आहेत, हे आपल्या लक्षातही येत नाही.) वास्तविक आपल्याकडे गुंठा आहे. 33 बाय 33 फूट, म्हणजे 1089 चौरस फूट. कुंपण 132 फूट. तेवढाच गुंठा 99 बाय 11 फुटांच्या पट्टीत मोजून द्या. जमीन तसूभरही कमी नाही, पण कुंपणाला तार लागेल 220 फूट. दोघा भावांत वाटणी झाली आणि एकाच्या वाट्याला ही पट्टी आली, तर तो काय म्हणेल, हे मुलांना विचारून बघा.