मिश्रण आणि कुंपण : एका प्रकरणाचे परीक्षण

डेव्हिड राइक यांच्या ‘हू वी आर अँड हाउ वी गॉट हिअर’ (२०१८) या ग्रंथातील भारतविषयक प्रकरणाचे शीर्षकच टक्करीची भाषा बोलते, आणि प्रारंभी येतो तो ऋग्वेदातील दुर्गभेदक इंद्र. ही मांडणी आम्हांस सदोष वाटते. जनुकांवरून लोकसमूहांचे मिश्रण सिद्ध होते, युद्ध नव्हे. पुढे २०१९ मध्ये राखीगढीच्या एका प्राचीन स्त्रीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यात मध्य आशियाई गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश आढळला नाही. तो अंश मागाहून आला असावा, इतके म्हणता येते. दुर्ग कोणी फोडले, हे नव्हे.

प्रकरणाचे खरे सामर्थ्य उत्तरार्धात आहे. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात मिश्रण जवळजवळ सर्व समाजांत झाले व नंतर थांबले. आंध्रातील वैश्य समाजात तर दोन-तीन हजार वर्षे बाहेरचा अंश जवळजवळ शिरलाच नाही. परिणामी भूल देताना वापरले जाणारे स्नायू शिथिल करणारे एक औषध त्यांच्यातील काहींना घातक ठरू शकते. सजातीय विवाहाची कठोरता ब्रिटिश राजवटीत निर्माण झाली, या मताला राइक यातून उत्तर देतात. येथील वाचकास मात्र सजातीय विवाह हेच जातीचे मूळ लक्षण ठरविणारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १९१६ चा निबंध आठवेल.

तथापि बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात नाकाच्या मापांच्या आधारे ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे मानले. नव्या संशोधनात सारेच मिश्र ठरतात, परंतु मिश्रणाचे प्रमाण जातीपरत्वे भिन्न आढळते. आमच्या अभ्यासकांनी हा फरक झाकू नये.