मलेरियाची प्रतिकारशक्ती खरंच ‘विसरते’ का?

मलेरियावरचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा, एक विधान हमखास सापडतं: मलेरियाविरुद्धची प्रतिकारशक्ती मिळायला वर्षं लागतात, आणि संसर्ग थांबला की ती लवकर निघून जाते. मीही हे परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. आज या विधानाची जरा उलटतपासणी करूया. कारण ते अर्धंच खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्या विधानावर औषधोपचाराचे निर्णय घेतले, तर माणसं जातात.

मादागास्करचं पठार

मादागास्कर बेटाच्या मधल्या भागात उंच पठार आहे, भातखाचरांनी भरलेलं. राजधानी अंतानानारिवो तिथेच. १९४९ पासून इथे घरोघर डीडीटीची फवारणी झाली, मुलांना क्लोरोक्विनच्या गोळ्या दिल्या गेल्या. ॲनोफिलिस फ्युनेस्टस हा डास माणसाला घरात चावतो आणि चावून झाल्यावर भिंतीवर विसावतो. त्यामुळे फवारणी त्याच्या मुळावरच आली. १९६० च्या सुमारास पठारावरून मलेरिया जवळजवळ गेला. मग फवारणी थांबली, आणि पुढे गोळ्या वाटणारी केंद्रंही बंद पडत गेली.

डास परत आला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोठी साथ आली आणि हजारो माणसं दगावली. लोकांनी तिला नाव दिलं ‘बेमांगुवित्र’, म्हणजे मोठी हुडहुडी. आपल्या ‘हिवतापा’चीच बहीण म्हणा ना.

आता नीट बघा, इथे नकळत एक प्रयोग झाला होता. पठारावर दोन पिढ्या शेजारी-शेजारी राहत होत्या. चाळिशीपुढच्यांनी लहानपणी मलेरिया भोगला होता, नंतर तीसेक वर्षं जवळपास काहीच नाही. पंचविशीतल्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता. पाठ्यपुस्तक खरं असेल, तर दोघांना सारखाच फटका बसायला हवा.

तसं दिसलं नाही. फिलिप देलोरों आणि क्लेअर शुन्ये या संशोधकांनी १९९२ साली नेमका हाच मुद्दा मांडला: जुना मलेरिया पाहिलेली वयस्कर मंडळी तरुणांपेक्षा बरी तगली. मलेरियाची प्रतिकारशक्ती खरंच अल्पजीवी असते का, हा त्यांचा प्रश्न होता.

पण थांबा

हा पुरावा मला आवडतो, म्हणूनच त्याच्यावर जास्त संशय घ्यायला हवा.

पहिली अडचण वयाची. जे.के. बेअर्ड आणि सहकाऱ्यांनी इंडोनेशियात जावाहून पापुआला वसवलेल्या कुटुंबांचा अभ्यास केला. जावातल्या या लोकांचा मलेरियाशी फारसा संबंध आलेला नव्हता. नव्या जागी एक-दोन वर्षांत मोठी माणसं लहान मुलांपेक्षा लवकर सावरू लागली. म्हणजे जुना अनुभव नसतानाही निव्वळ वयामुळे शरीर लवकर शिकतं. मग मादागास्करच्या म्हाताऱ्यांना कशानं वाचवलं, आठवणीनं की वयानं? माझ्या मते पंचविशीचा माणूसही प्रौढच असतो, त्यामुळे सगळं श्रेय वयाला देता येत नाही. पण सगळं आठवणीलाही देता येत नाही.

दुसरी अडचण म्हणजे ही तुलना साथीतल्या जिवंत माणसांची आहे. जे आधीच गेले, ते मोजणीत नाहीत.

म्हणून दुसरीकडचा पुरावा बघू. फ्रान्समध्ये अनेक वर्षं स्थायिक झालेले आफ्रिकी लोक सुट्टीत मायदेशी जातात आणि मलेरिया घेऊन परततात. त्यांच्या रक्तात परजीवी सरासरीनं कमी असतात आणि उपचारानंतर लवकर साफ होतात, असं २००५ साली छापलेल्या एका अभ्यासात दिसलं. इथेही पळवाटा आहेत: मलेरिया ओळखीचा असल्यामुळे माणूस डॉक्टरकडे लवकर जातो, शिवाय सिकल सेलसारखे आनुवंशिक गुण मदत करतात. थायलंडच्या उत्तर भागात मलेरिया फार कमी असतो. तिथल्या लोकांत संसर्गानंतर कित्येक वर्षांनीही प्रतिपिंडं आणि स्मृती-पेशी सापडल्या. अर्थात पेशी सापडणं वेगळं आणि माणूस आजारी न पडणं वेगळं.

एकेक पुरावा लंगडा आहे, पण सगळे एकाच दिशेला चालतात. माझा निष्कर्ष असा, की गडबड ‘प्रतिकारशक्ती’ या एकाच शब्दात तीन गोष्टी कोंबल्यामुळे झाली आहे. संसर्गच होऊ न देणं, परजीवींची संख्या दाबून ठेवणं आणि जिवावर बेतू न देणं. पहिली मलेरियात पूर्णपणे बहुधा कधीच मिळत नाही. दुसरी खरोखर ओसरते. याचं एक कारण असं, की फाल्सिपेरम परजीवीकडे लाल पेशीवर चढवायच्या मुखवट्यांची साठेक जनुकं असतात, आणि शरीराला ओळख पटेपर्यंत तो मुखवटा बदलतो. तिसरी मात्र बरीच टिकत असावी. पाठ्यपुस्तकातलं विधान दुसरीबद्दल खरं आहे, तिसरीबद्दल घाईचं.

एवढा कीस कशाला काढायचा?

कारण या विधानाचा वापर झालेला आहे. १९५० साली कंपाला इथे मलेरिया परिषद भरली. तिथे काही तज्ज्ञांचं म्हणणं होतं, की आफ्रिकेत जिथे मलेरिया भरपूर आहे तिथे नियंत्रण करूच नये. लोकांची प्रतिकारशक्ती जाईल आणि पुढे मोठी साथ येईल! परिषदेनं अखेर नियंत्रणाच्या बाजूनं कौल दिला, पण युक्तिवाद उरलाच. मादागास्करची साथ वरवर त्यालाच दुजोरा देते. नीट पाहिलं तर ती वेगळं सांगते: चूक फवारणी केली ही नव्हती, ती थांबवली आणि औषधाची सोयही उरू दिली नाही, ही होती. ‘शक्ती’ टिकवण्यासाठी लेकरांना मलेरिया होऊ द्यायचा, हा हिशेब मांडणाऱ्याचं स्वतःचं लेकरू त्यात सहसा नसतं.

उलट टोकाची चूकही तितकीच घातक. ‘तो तिकडचाच आहे, त्याला काय होतंय’ असं म्हणून ताप आलेल्या माणसाची रक्ततपासणी पुढे ढकलणं. थोडी प्रतिकारशक्ती असेल, तर औषधाला आतून मदत मिळते आणि अर्धवट निकामी झालेलं औषधही लागू पडल्यासारखं दिसतं. म्हणून जुन्या मलेरियाग्रस्त भागातल्या मोठ्या माणसांवर औषधाची परीक्षा घेतली, तर निकाल फुगतो. जिथे मलेरिया नव्यानं परतलाय, तिथल्या पोराच्या शरीरात औषधाला एकट्यानं लढावं लागतं. फाल्सिपेरम असेल, तर एक-दोन दिवसांचा उशीरही महागात पडतो.

आणखी एक. ज्या आजोबांना ताप येत नाही, त्यांच्या रक्तात परजीवी असू शकतात, आणि डासाला तेवढं पुरतं. आजोबांची ढाल नातवाला उपयोगी पडत नाही, उलट त्यांच्याकडूनच संसर्ग पोचू शकतो.

आपल्याला हे परकं नाही. १९६१ मध्ये भारतातली मलेरियाची वार्षिक नोंद पन्नास हजारांच्या आसपास आली होती. १९७६ मध्ये ती ६४ लाखांवर गेली. तेव्हाही घरात आजी-आजोबांनी मलेरिया भोगलेला होता आणि लहान मुलांनी पाहिलाच नव्हता.

तेव्हा ‘प्रतिकारशक्ती निघून जाते’ असं कुठे वाचलंत, तर लगेच विचारा: कुठली, कोणाची, आणि किती वर्षांनी? आणि उत्तर येईपर्यंत ताप आलेल्या माणसाचं रक्त तपासून घ्या. वय कितीही असो, गाव कुठलंही असो.