मुलग्यांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे? – व्हर्नच्या चांद्रतोफेच्या निमित्ताने

‘मुलगे वाचत नाहीत’ ही तक्रार शिक्षकांच्या खोलीत नेहमी ऐकू येते. तीत तथ्य आहे. १५ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांसाठी २०१८ साली झालेल्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत भाग घेतलेल्या प्रत्येक देशात वाचनामध्ये मुलींची सरासरी मुलग्यांहून वरचढ ठरली. त्या फेरीत भारत नव्हता. पण आपल्या शाळांतील अनुभव फारसा वेगळा असेल असे आम्हांला वाटत नाही.

यावर मुलग्यांच्या स्वभावाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. त्याआधी ग्रंथालयाचे कपाट उघडून पाहावे. थोरांची चरित्रे, बोधकथा, सामान्यज्ञानाच्या पुस्तिका! ही पुस्तके वाईट नसतात. पण त्यांत सगळे आधीच ठरलेले असते. वाचकाने फक्त मान डोलवायची. सायकलची चेन स्वतः बसवणाऱ्या, रेडिओ उघडून पाहणाऱ्या मुलाला त्यात करण्याजोगे काही सापडत नाही. म्हणून आमची कसोटी साधी आहे : पुस्तकात वाचकाला काही काम आहे काय?

या कसोटीवर ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या दोन कादंबऱ्या घासून पाहू. पहिली १८६५ सालची, दुसरी १८७० सालची. मराठी मुलांना व्हर्नची ओळख करून दिली ती मुख्यतः ‘फास्टर फेणे’चे जनक भा. रा. भागवत यांनी. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्याने बेकार झालेले तोफखान्यातले लोक चंद्रावर गोळा डागायचे ठरवतात. फ्लॉरिडात जमिनीत ९०० फूट लांबीची तोफ ओततात आणि ॲल्युमिनियमच्या पोकळ गोळ्यात तीन माणसे बसून निघतात.

व्हर्न आकडे लपवत नाही, हे त्याचे मोठेपण. गोळ्याचा वेग तो सेकंदाला १२,००० यार्ड, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर देतो. हा जवळजवळ पृथ्वीचा मुक्तिवेगच! आता नववीतील गतीचे तिसरे समीकरण घ्यावे. ९०० फूट म्हणजे सुमारे २७४ मीटर. एवढ्या अंतरात शून्यापासून ११,००० मीटर प्रतिसेकंद वेग गाठायचा, तर त्वरण किती? वेगाच्या वर्गाला अंतराच्या दुपटीने भागले की सुमारे २,२०,००० मीटर प्रतिसेकंद वर्ग येते. हे गुरुत्व त्वरणाच्या २२,००० पटींहून अधिक झाले. ६० किलोच्या प्रवाशाला आपले वजन १,३०० टनांहून जास्त भासेल. अर्थात ते भासायला तो शिल्लक राहणार नाही. धक्का शोषण्यासाठी व्हर्नने गोळ्याच्या तळाशी पाण्याचा थर ठेवला आहे. तो येथे काय कामाचा? सगळा वेग शेवटी त्या २७४ मीटरांतच गाठायचा आहे!

मुले येथे थांबत नाहीत. ‘मग तोफ किती लांब हवी?’ हा पुढचा प्रश्न आपोआप येतो. त्वरण गुरुत्वाच्या तिप्पट ठेवले, तर नळी सुमारे २,००० किलोमीटर लांब लागेल. म्हणजे मुंबईहून नागपूरमार्गे हावड्यापर्यंत! तोफ बाद होते आणि मिनिटामिनिटाने वेग वाढवणारे रॉकेट का लागते, हे न सांगता उमगते. व्हर्न वाचून अंतराळप्रवासाच्या विचाराला लागलेल्या त्सिओल्कोवस्कीने रॉकेटचे गणित १९०३ साली मांडले, ते याच वाटेवर.

दुसऱ्या कादंबरीतील चूक अधिक मौजेची आहे. प्रवासात मेलेला कुत्रा बाहेर टाकला जातो आणि तो गोळ्याच्या सोबतीनेच पुढे जात राहतो. हे अगदी बरोबर! परंतु गोळ्यातील माणसांचे वजन मात्र पृथ्वी आणि चंद्र यांची ओढ समसमान होते तेथेच नाहीसे होते, असे व्हर्न लिहितो. बाहेरचा कुत्रा आणि गोळा सारखेच ‘पडत’ असतील, तर आतला माणूसही त्यांच्याबरोबर तसाच पडणार. म्हणजे तोफेतून सुटल्यापासूनच तो तरंगायला हवा. लेखकाचेच एक पान त्याच्या दुसऱ्या पानाला खोडून काढते. हे पकडल्यावर तेरा-चौदा वर्षांच्या वाचकाचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

दोष आणखीही आहेत. याद्या लांबतात. गोळ्यात एकाही स्त्रीला जागा नाही. मारण्याखेरीज काही न येणाऱ्या तोफवाल्यांची व्हर्नने केलेली थट्टा घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटते. वर्गात तिच्याकडे लक्ष वेधावे. संक्षिप्त आवृत्ती घेताना आकडे शिल्लक आहेत ना, हे आधी पाहावे. ‘सोपे’ करण्याच्या भरात तेच गाळले, तर उरते ती नुसती सफर.

हे पुस्तक मुलींनाही तितकेच द्यावे. आमची कसोटी मुलगा-मुलगी पाहत नाही. फक्त वाचून झाल्यावर तात्पर्य विचारू नये. ‘व्हर्न कोठे चुकला?’ एवढेच विचारावे. छापलेले तपासून पाहता येते, हे ज्याला एकदा कळले, त्याला पुढचे पुस्तक हाती देण्याची गरज पडत नाही. तो स्वतःच मागायला येतो.