झिपरू आणि भिला कुठे गेले?

पाचोऱ्याकडच्या कुठल्याही जुन्या शाळेचे, वाचनालयाचे किंवा विकास सोसायटीचे रजिस्टर उघडले की पाटलांची नावे पानोपानी चालूच राहतात. त्यांत संजय पाटील चार-पाच तरी निघतात. तरी कारकुनाचा घोटाळा होत नाही. रजिस्टरात 'पाटील संजय झिपरू' आणि 'पाटील संजय भिला' असे लिहिलेले असते, आणि तेवढ्याने भागले नाही तर पुढे गाव येते: नगरदेवळा, वरखेडी, कुऱ्हाड. आता अशाच एखाद्या संस्थेच्या संकेतस्थळावर सभासद म्हणून नोंदणी करायला बसा. समोर दोन चौकटी येतात, नाव आणि आडनाव. झिपरू आणि भिला दोघेही गळाले.

महाविद्यालये, माजी विद्यार्थी मंडळे, पतसंस्था, समाजमंडळे यांची संकेतस्थळे आता तालुक्याच्या गावीही तयार होतात. पाया बहुधा वर्डप्रेसचा असतो, क्वचित जूमला किंवा ड्रुपलचा. 'सभासद लॉगिन हवे' ही मागणी प्रत्येकाची असते, आणि ते बनवणारी मुले हुशार आहेत. पण त्यांनी केलेले बदल पाहिले की मन खट्टू होते. लॉगिनच्या पानावरचे वर्डप्रेसचे बोधचिन्ह काढून संस्थेचे लावले, मागे इमारतीचा फोटो टाकला, बटणाचा रंग बदलला, की काम झाले असे मानले जाते. माणसाची ओळख जिथे नोंदली जाते त्या चौकटी जशा आल्या तशाच राहतात.

हे काम मराठीत यापूर्वी जास्त समजून झालेले आहे, म्हणून ही तक्रार. अमेरिकेतून 1996 साली सुरू झालेली मायबोली, पुढे मनोगत, मिसळपाव, ऐसी अक्षरे ही संकेतस्थळे ड्रुपलवर चालली, आणि तिथे सभासदाचे पान हा घराचा ओटा होता. मायबोलीवर एखाद्याच्या पानावर जाऊन त्याची 'विचारपूस' करता येई. मिसळपाववर 'खरडवही' होती आणि खासगी बोलायला 'व्यनि'. एकाच माणसाने दुसऱ्या नावाने खाते काढले तर त्याला 'डु-आयडी' हा शब्दही सभासदांनीच घडवला. प्रोफाइल या कोरड्या गोष्टीला आपल्या बोलण्याचालण्याची रीत लावणे म्हणजे काय, हे तिथे दिसते. आजच्या संस्थांच्या पानांवर असा एकही शब्द सापडत नाही.

नावाची अडचण तर थेट यंत्रणेच्या पोटात आहे. वर्डप्रेसमध्ये लॉगिनचे नाव देवनागरीत घेतलेच जात नाही. रोमन अक्षरे, अंक आणि मोजकी चिन्हे एवढेच चालते. पडद्यावर दिसणारे नाव देवनागरीत ठेवता येते, पण दारावरची हाक रोमनमध्येच द्यावी लागते. शिवाय एकदा घेतलेले लॉगिननाव प्रोफाइलच्या पानावरून बदलता येत नाही. लग्नानंतर जिचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलले, तिला माहेरच्या आडनावाचे लॉगिन आयुष्यभर वागवावे लागते, आणि जिला माहेरचेच नाव ठेवायचे आहे तिला तसे कोणी विचारलेलेही नसते. ड्रुपल इथे उदार आहे. तिथे देवनागरी नाव चालते, आणि स्वतःचे नाव बदलण्याची परवानगीही सभासदाला देता येते. पण त्यातही मराठीला ठेच लागेल असा एक खडा आहे. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' टंकण्याच्या दोन रीती आहेत. एक 'ऱ' हे वेगळे अक्षर घेऊन, दुसरी साध्या 'र'ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. ड्रुपल नावातली अदृश्य चिन्हे नाकारते, म्हणून दुसऱ्या रीतीने टंकलेले 'वऱ्हाडे' परत येते, 'गोऱ्हे' परत येते. कुणी हौसेने 'पाचोऱ्याचा' असे नाव घेऊ पाहिले तर तेही परत येते. आपल्या गावाच्या नावाला विभक्तीचा प्रत्यय लावताच जे अक्षर तयार होते, ते यंत्राला संशयास्पद वाटते. नाव जतन करण्याआधी एक रूप दुसऱ्यात बदलून घेणे हे काही ओळींचे काम आहे, पण रंगाच्या आधी हे करावे असे सुचायला मात्र हवे.

रकाने वाढवणे तर आता सोपे आहे. ड्रुपलच्या 2011 सालच्या सातव्या आवृत्तीपासून सभासदाच्या खात्याला हवे ते रकाने जोडता येतात. जूमलात ही सोय 2017 साली आली. वर्डप्रेसला प्लगइन मिळतात. पण पुढे काय येते आहे तेही पाहायला हवे. राज्य सरकारच्या निर्णयानुसार 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाने लिहायचे आहे. दोन चौकटींत तीन नावे मावत नव्हती, आता चार मावायची आहेत.

मोबाइल हा दुसरा विषय. एका मोबाइलला एकच खाते, असा नियम सर्रास घातला जातो. आपल्याकडे घरात फोन दोन असले तरी बँकेला, गॅसला आणि शाळेला दिलेला नंबर पुष्कळदा एकच असतो, आणि तो मुलाच्या खिशात, सुरतेत किंवा पुण्यात असतो. ओटीपी तिकडे वाजतो, म्हातारा इकडे बसून राहतो. जन्मतारखेचेही तसेच. खान्देशातल्या वयस्कर पिढीत 1 जून या शाळेने दिलेल्या तारखेला जन्मलेली माणसे ढिगाने आहेत. पासवर्ड विसरल्यावर ओळख पटवायला जन्मतारीख विचारणे म्हणजे अर्ध्या गावाच्या हाती किल्ली देणे.

किल्लीचा विषय हलका नाही. 2023 च्या जूनमध्ये 'अल्टिमेट मेंबर' या दोन लाखांहून अधिक ठिकाणी बसवलेल्या वर्डप्रेस प्लगइनमध्ये मोठी चूक उघड झाली. नोंदणीचा अर्ज भरता भरता त्यात जादा माहिती घुसवून कोणीही परका थेट प्रशासक होऊ शकत होता. कारण समजून घेण्यासारखे आहे. वर्डप्रेस सभासदाची वैयक्तिक माहिती आणि त्याचे अधिकार एकाच तक्त्यात ठेवते, आणि अर्जातून येणारे काय काय तिथे लिहू द्यायचे याची गाळणी कच्ची होती. फुकट मिळालेले प्लगइन बसवायचे आणि वर्षानुवर्षे अद्ययावत करायचे नाही, ही आपल्याकडची सवय अशा वेळी सभासदांना महागात पडते.

म्हणून जातीचा, आधारचा, उत्पन्नाचा रकाना 'असू द्या, पुढे लागेल' म्हणून ठेवला जातो तेव्हा मी हट्टाने विरोध करतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीवर घेतलेली माहिती नेमक्या कामापुरतीच घ्यायला सांगितले आहे. माहिती कशासाठी घेतो याची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्यायही द्यायला सांगितला आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे. अठरा वर्षांखालच्या सभासदासाठी पालकांची खात्रीलायक संमती लागते. शाळांच्या पानांवर तर याचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा.

1 मे 2024 नंतर जन्मलेली पहिली मुले 2030 च्या जूनमध्ये पहिलीत बसतील. पाचोरा, जळगाव, धुळे इथे ही कामे घेणाऱ्या मित्रांना एवढीच विनंती आहे: पुढच्या संस्थेचे काम हाती घ्याल तेव्हा बोधचिन्हाची फाइल नंतर मागा. आधी तिचे सभासद-रजिस्टर मागा, कारकुनाजवळ बसा आणि त्याचे रकाने मोजा.