'कातळशिल्प' ही संज्ञा आणि कोकणचा सडा

कोकणातील जांभ्याच्या सड्यांवर कोरलेल्या प्राचीन आकृतींना 'कातळशिल्प' ही संज्ञा आता रूढ झाली आहे. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत अशी नऊ स्थळे समाविष्ट झाली. त्यांपैकी आठ महाराष्ट्रातील व एक गोव्यातील आहे. या आकृतींकडे विद्वानांचे व शासनाचे लक्ष वेधण्यास ही संज्ञा उपयोगी पडली, हे मान्य करावयास हवे. परंतु जतनाच्या दृष्टीने ती अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

'कातळशिल्प' हा तत्पुरुष समास होय. त्यात प्रधान पद 'शिल्प'. 'कातळ' केवळ त्याचे स्थान सांगतो. काही अभ्यासकांनी योजिलेली 'कातळखोदचित्र' ही संज्ञा खोदण्याची क्रिया नोंदविते म्हणून अधिक यथार्थ आहे. पण तिच्यातही प्राधान्य चित्रालाच. कशेळीची हत्तीची आकृती सुमारे १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद आहे. तेथे आकृती कोठे संपते आणि सडा कोठे सुरू होतो, हे कोणी सांगावे?

हाच दोष कायद्याच्या परिभाषेतही आढळतो. १९५८ च्या केंद्रीय अधिनियमात स्मारकाच्या व्याख्येत शैलशिल्पाचा अंतर्भाव आहे. मात्र स्मारक संरक्षित म्हणून घोषित झाल्यावरच त्याभोवतीचे १०० मीटर निषिद्ध व पुढील २०० मीटर नियंत्रित ठरतात. किनारपट्टीसंबंधीच्या २०११ च्या अधिसूचनेने पुरातत्त्वीय स्थळांना सर्वाधिक संवेदनशील गटात घातले; परंतु समुद्राकाठी तिची मर्यादा भरतीरेषेपासून ५०० मीटरांची. बारसूचा वा उक्षीचा सडा तीत येत नाही. एका नियमाची मोजणी आकृतीपासून सुरू होते, दुसऱ्याची भरतीरेषेपासून. आणि सडा दोहोंमध्ये अनाथ राहतो. सातबाऱ्यावर लागवडीस अयोग्य जमिनीची नोंद 'पोटखराबा' अशी होते. या शब्दाने जमीन एकदा निरुपयोगी ठरली, की चिरेखाणीस वा कारखान्यास ती देण्यात कोणास काही वावगे वाटत नाही. 'चित्रे तेवढी राखू' हा युक्तिवाद येथूनच जन्मतो.

वास्तविक स्थलनामे निराळीच साक्ष देतात. संभाव्य यादीतील 'देवाचे गोठणे' हे नाव पाहावे. गोठण म्हणजे गुरे विसाव्यास जमण्याची जागा. 'रुंढे तळी' या नावात पाणी आहे. ज्या भूमीला गावकऱ्यांनी गुरांवरून व पाण्यावरून नावे दिली, ती ओसाड कशी म्हणावी?

चिरेखाणीवर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो आणि पुष्कळ सडे खाजगी मालकीचे आहेत, ही अडचण खरी आहे. म्हणून सरसकट बंदी नव्हे, तर जतनाचे एकक बदलणे इष्ट होय. रूढ संज्ञा खुशाल राहो. मात्र सरकारी नोंदीत आकृतीबरोबर तिचा सडा, त्यावरील पाणवठे, वाटा व चराईच्या जागा यांचा नामनिर्देश व्हावा. ही नावे गावोगाव जाऊन टिपण्याचे काम भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे आहे. सडा खणला गेला, की ती उच्चारण्याचे प्रयोजनही उरणार नाही.