संरक्षकाचे दप्तर आणि आईची वाट

बालकल्याणाचा इतिहास केवळ अधिनियमांतून वाचला की तो करुणेचा विस्तार भासतो. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या १९०५च्या कायद्याने मात्र ‘मुख्य संरक्षक’ हा अधिकारी आदिवासी मुलांचा कायदेशीर पालक ठरला. आईवडील हयात असतानाही. डोरिस पिल्किंग्टन यांची ‘फॉलो द रॅबिट-प्रूफ फेन्स’ (१९९६) ही कृती या पालकत्वाचा प्रतिवाद त्याच्याच कागदपत्रांतून करते. १९३१मध्ये मूर रिव्हर वसाहतीतून तीन मुली पळाल्या आणि जिगलाँगच्या दिशेने सुमारे १६०० किलोमीटरच्या वाटेला लागल्या. त्यांच्या मौखिक आठवणींशेजारी लेखिकेने सरकारी पत्रव्यवहार ठेवला आहे. आठवणींत भूक आहे, सुजलेले पाय आहेत, सशांसाठी उभारलेल्या कुंपणाचा आधार आहे; पत्रांत त्या केवळ ‘मिश्रवर्णीय’ मुली आहेत. २००२च्या चित्रपटाने यातून पाठलागाची उत्कंठा घेतली. ते स्वाभाविकच, पण दप्तराचा कोरडेपणा त्यात विरला.

मला अधिक मोलाचे वाटते ते कृतीच्या अखेरचे त्रोटक निवेदन. मोलीला पुन्हा त्याच वसाहतीत नेण्यात आले. १९४१मध्ये ती धाकट्या ॲनाबेलला कडेवर घेऊन पुन्हा निसटली; थोरली डोरिस मागे राहिली. ही डोरिस म्हणजेच लेखिका. मराठी आत्मकथनांना सरावलेला वाचक येथे ‘मी’च्या आक्रोशाची वाट पाहतो. पिल्किंग्टन स्वतःचा उल्लेखही तृतीयपुरुषी करतात, आईला जाब विचारत नाहीत. पुढे ॲनाबेललाही नेण्यात आले, हेही त्या तितक्याच थोडक्यात नोंदवतात.