२० जून १९७२ : शासकीय अभिलेखांतून राष्ट्राध्यक्षांच्या एका दिवसाची पुनर्रचना

प्रस्तावना

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाइतका ज्याचा दिवस तपशिलाने नोंदला जातो, असा सत्ताधीश आधुनिक काळात क्वचितच आढळेल. तो कार्यालयात किती वाजता आला, कोणाला भेटला, दूरध्वनी त्याने केला की त्याला आला, तो स्थानिक होता की दूर अंतराचा, हे सर्व तक्त्यात भरले जाते आणि कालांतराने राष्ट्रीय अभिलेखागारात अभ्यासकांना खुले होते. त्यामुळे कागद पुरेसे मिळाले की गेलेला दिवस मिनिटामिनिटाने पुन्हा उभा करता येतो, असा समज इतिहासलेखनात, आणि त्याहून अधिक वृत्तपत्रीय लेखनात, रूढ झालेला दिसतो. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी रिचर्ड निक्सन यांच्या एकाच दिवसाच्या आधारे केली आहे.

१७ जून १९७२ रोजी पहाटे वॉशिंग्टनमधील वॉटरगेट संकुलात, डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात शिरलेल्या पाच जणांना अटक झाली. निक्सन त्या आठवडाअखेरीस फ्लोरिडाकडे होते. १९ तारखेच्या रात्री ते परतले. २० जून, मंगळवार, हा घटनेनंतरचा त्यांचा व्हाइट हाउसमधील पहिला कामकाजाचा दिवस. राष्ट्राध्यक्षांना काय ठाऊक होते आणि केव्हा, हा पुढे दोन वर्षे अमेरिकेला छळणारा प्रश्न या दिवसापाशी येऊन थांबतो. दैनंदिनी, ध्वनिफीत, सहायकाची हस्तलिखित टिपणे आणि स्वतः राष्ट्राध्यक्षांनी सांगून ठेवलेली आठवण अशी चार स्वतंत्र साधने या एका दिवसासाठी उपलब्ध आहेत. इतकी साधने असूनही दिवस पूर्ण का होत नाही, हे पाहणे उद्बोधक ठरते.

दैनंदिनीचा कर्ता

‘दैनंदिनी’ हा शब्दच प्रथम वाचकाची दिशाभूल करतो. मराठी अभ्यासकाला हा अनुभव नवा नाही. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशवे दफ्तरातून निवडलेले उतारे ‘रोजनिशी’ या नावाने प्रसिद्ध झाले; परंतु त्यांत पेशव्यांचे मनोगत शोधू जाणाऱ्याच्या हाती आज्ञा, नेमणुका, सूट-तहकुबी आणि हिशेब एवढेच लागते. न्यायमूर्ती रानडे यांनी त्या रोजनिशीतून राज्यकारभाराचे व समाजस्थितीचे चित्र काढले, पेशव्यांच्या अंतरंगाचे नव्हे, यातच त्यांची साधनविषयक जाण दिसते.

निक्सन यांची दैनंदिनीही निक्सन यांनी लिहिलेली नाही. राष्ट्रीय अभिलेखागाराकडून व्हाइट हाउसमध्ये नेमलेले कर्मचारी ती तयार करीत. सीक्रेट सर्व्हिसच्या नोंदी, निवासस्थानातील सेवकवर्गाच्या वह्या, दूरध्वनी केंद्रावरील चिठ्ठ्या आणि सचिवांनी ठेवलेल्या भेटींच्या याद्या एकत्र करून मागाहून टंकलिखित तक्ता बनविला जाई. एका रकान्यात येण्याची वेळ, दुसऱ्यात जाण्याची, मग दूरध्वनीची खूण आणि शेवटी कृती. वाक्ये एकाच साच्यातील : राष्ट्राध्यक्षांनी न्याहारी केली, राष्ट्राध्यक्ष आपल्या कार्यालयात गेले, राष्ट्राध्यक्षांनी अमुक यांची भेट घेतली. विशेषण जवळजवळ नाहीच.

या नीरसपणालाच साधन म्हणून मोल आहे. दूरध्वनी केंद्रावर बसलेल्या व्यक्तीला त्या संभाषणाचा पुढे काय अर्थ लावला जाईल याची कल्पना नसते. तिला केवळ वेळ लिहावयाची असते. आत्मचरित्रकाराला भविष्यातील वाचक सतत दिसत असतो. नोंदणी करणाऱ्या कारकुनाला तो दिसत नाही. म्हणून दैनंदिनीतील वेळेवर जितका विश्वास ठेवता येतो, तितका त्याच घटनेविषयी मागाहून लिहिलेल्या कोणत्याही वाक्यावर ठेवता येत नाही. मात्र हा विश्वास वेळेपुरताच आहे. दार उघडल्याची आणि मिटल्याची नोंद दाराआड काय घडले याचा पुरावा होत नाही, आणि उत्साही अभ्यासकाचा पाय बहुधा येथेच घसरतो.

११.२६ ते १२.४५

२० जूनच्या सकाळी निक्सन व्हाइट हाउसशेजारच्या एक्झिक्युटिव्ह ऑफिस बिल्डिंगमधील आपल्या खासगी कार्यालयात होते. प्रथम देशांतर्गत धोरणविषयक सहायक जॉन अर्लिकमन त्यांना भेटले. ते गेल्यानंतर मुख्य सहायक एच. आर. हॉल्डमन आले आणि ११.२६ ते १२.४५ पर्यंत होते. नोंदीत या दोन स्वतंत्र भेटी आहेत.

विशेष अभियोक्ता आर्चिबाल्ड कॉक्स यांनी २३ जुलै १९७३ रोजी नऊ संभाषणांच्या ध्वनिफिती मागविल्या, तेव्हा त्यांच्या समन्समध्ये या सकाळचे वर्णन राष्ट्राध्यक्ष, अर्लिकमन आणि हॉल्डमन यांची साडेदहा ते सुमारे बाराची एक बैठक असे झाले होते. पुढील महिन्यात न्यायालयापुढील निवेदनात कॉक्स यांनी आधी अर्लिकमन व मग हॉल्डमन असा खुलासा केला. तरीही फिती उतरवून घेण्याचे काम सुरू झाले तेव्हा फक्त अर्लिकमन यांचा भाग मागितला आहे, हॉल्डमन यांचा नाही, अशी समजूत व्हाइट हाउसमध्ये करून घेण्यात आली. राष्ट्राध्यक्षांच्या सचिव रोझ मेरी वुड्स यांच्या पुढील साक्षीला या समजुतीचीच पार्श्वभूमी होती. एक भेट की दोन, हा दैनंदिनीतील निरुपद्रवी वाटणारा तपशील असा थेट न्यायालयीन वादाचा विषय झाला. वेळेच्या रकान्याला कमी लेखणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

हॉल्डमन यांच्या याच भेटीच्या फितीवर साडेअठरा मिनिटे केवळ गुणगुण ऐकू येते. २१ नोव्हेंबर १९७३ रोजी ही गोष्ट न्यायाधीश जॉन सिरिका यांच्या निदर्शनास आणली गेली. वुड्स यांनी साक्षीत असे सांगितले, की १ ऑक्टोबर रोजी फीत उतरवून घेत असता दूरध्वनी आला, आपण थांबविण्याच्या कळीऐवजी मुद्रणाची कळ दाबली आणि पाय पायकळीवर राहिला. परंतु तो काळ सुमारे पाच मिनिटांचाच असावा. न्यायालयाने नेमलेल्या सहा तज्ज्ञांच्या समितीने जानेवारी १९७४ मध्ये निर्वाळा दिला, की पुसण्याची क्रिया हाताने कळा दाबून किमान पाच वेळा झाली आहे. यंत्र कोणते व क्रिया किती, याचे उत्तर तज्ज्ञांनी दिले. हात कोणाचा, हे फीत सांगू शकत नव्हती आणि समितीनेही ते सांगण्याचा आव आणला नाही. ही मर्यादा पाळणे हाच त्या अहवालाचा मोठा गुण मानावा लागतो.

येथे एक विसंगती नजरेआड करता येत नाही. या कार्यालयातील ध्वनिमुद्रण राष्ट्राध्यक्षांचे ठिकाण दाखविणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसच्या यंत्रणेशी जोडलेले होते : ते तेथे आहेत असे दिवा दाखवी, आवाज उमटे आणि यंत्र सुरू होई. नोंद घेण्याची ही व्यवस्था खुद्द निक्सन यांनीच १९७१ मध्ये, आपल्या कारकिर्दीचे श्रेय आपल्याकडे राहावे या हेतूने, करवून घेतली. सुमारे ३,७०० तासांचे हे मुद्रण पुढे त्यांच्याच विरुद्ध पुरावा ठरले.

टिपणे आणि आठवण

फीत मुकी झाली तरी हॉल्डमन यांची टिपणे राहिली. पिवळ्या कागदावर घाईने लिहिलेल्या या ओळींत कार्यालयात चोरून ऐकण्याची साधने नाहीत ना याची कसून तपासणी करावी, प्रतिहल्ला काय करावा, लोकांचे लक्ष विरोधकांच्या कृत्यांकडे कसे वळवावे, असे मुद्दे आढळतात. त्या सकाळी वॉटरगेटचा विषय निघाला होता, एवढे यावरून निश्चित होते. ‘विषय निघाला’ आणि ‘कट रचला गेला’ यांतील अंतर मात्र ही टिपणे पार करू देत नाहीत. मधले एखादे पान गहाळ असावे असा तर्क पुढे मांडला गेला. राष्ट्रीय अभिलेखागाराने २००९ मध्ये पानांवरील लेखणीच्या दाबाचे ठसे शोधण्याचे काम हाती घेतले. २०११ च्या निष्कर्षात हरवलेल्या मजकुराचा मागमूस लागला नाही. तत्पूर्वी, २००३ मध्ये, पुसलेला आवाज उपलब्ध तंत्राने परत मिळविता येत नाही असे मान्य करून मूळ फीत जपून ठेवण्याचा निर्णय झाला होता. अभिलेखागाराने आपले अपयश असे जाहीरपणे नोंदवावे, ही बाब आपल्याकडील दफ्तरखान्यांच्या संदर्भात विचार करण्याजोगी आहे.

साधन संपते तेथे आठवण पुढे सरसावते. हॉल्डमन यांच्या नावे १९७८ मध्ये आलेल्या ‘द एंड्स ऑफ पॉवर’ या सहलिखित पुस्तकात हरवलेल्या संभाषणाची पुनर्रचना करण्याचा प्रयत्न आहे. वाचनीयतेच्या दृष्टीने तो भाग यशस्वी म्हणता येईल. परंतु सहा वर्षांनंतर, तुरुंगवासाच्या काळात आकाराला आलेल्या लेखनातील संवादाला त्या दिवशीच्या तुटक टिपणापेक्षा अधिक वजन देणे योग्य नाही. तरीही अनेक लोकप्रिय लेखक टिपण तळटीपेत ढकलतात आणि संवाद मुख्य मजकुरात घेतात. वाचकाला कागदापेक्षा आवाज हवा असतो, हे खरे. त्याची ती भूक भागविणे इतिहासकाराचे कर्तव्य नव्हे.

त्याच संध्याकाळी ६.०८ ते ६.१२ या चार मिनिटांत निक्सन यांनी आपल्या निवडणूक मोहिमेचे प्रमुख जॉन मिचेल यांच्याशी दूरध्वनीवर बोलणे केले. नोंदीत वेळ आहे, फीत नाही. ३१ ऑक्टोबर १९७३ रोजी सरकार पक्षाने सांगितले, की हा दूरध्वनी निवासस्थानातून झाला आणि ते यंत्र मुद्रणाशी जोडलेले नव्हते. म्हणजे येथे पुसण्यासारखे काही नव्हतेच. रात्री निक्सन यांनी दिवसाची आठवण मुद्रित करून ठेवली. मिचेल खिन्न होते, आपल्या माणसांवर आपला वचक राहिला नाही याचे त्यांना वाईट वाटत होते, असा तीत उल्लेख आहे. एकाच दिवसात तीन प्रकारचे मौन आढळते : पुसलेले, न मुद्रिलेले आणि बोलणाऱ्याने स्वतः निवडून सांगितलेले. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. त्यांना एकाच मापाने मोजणे ही वॉटरगेटविषयक लेखनातील सर्वांत सामान्य चूक होय. दुपारी चार्ल्स कोल्सन यांच्याशी व सायंकाळपूर्वी पुन्हा हॉल्डमन यांच्याशी झालेली संभाषणे ऐकता येतात, इकडे मात्र तुलनेने कमी लक्ष जाते. ऐकू येणाऱ्या तासांपेक्षा न ऐकू येणाऱ्या साडेअठरा मिनिटांवर अधिक शाई खर्ची पडली आहे.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने

अखंड फीत काय देऊ शकते, याचे भारताशी थेट संबंधित उदाहरण नोव्हेंबर १९७१ चे आहे. श्रीमती इंदिरा गांधी ४ व ५ नोव्हेंबर रोजी निक्सन यांना भेटल्या. केवळ वेळापत्रक पाहणाऱ्याला ही शिष्टाचारपूर्वक झालेली राजनैतिक भेट वाटेल. ५ तारखेच्या सकाळी निक्सन व हेन्री किसिंजर यांनी आपसात भारतीय पंतप्रधानांविषयी आणि भारतीयांविषयी जी हीन भाषा वापरली, ती अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दस्तऐवजमालेतून २००५ मध्ये उघड झाली. बांगलादेश प्रश्नावरील अमेरिकी धोरणात व्यक्तिगत आकसाचा वाटा किती, हा प्रश्न त्यामुळे अनुमानाच्या पातळीवरून पुराव्याच्या पातळीवर आला. भेटीची भारतीय बाजू पाहण्यासाठी पी. एन. हक्सर यांच्या कागदपत्रांकडे वळावे लागते. दोन्ही राजधान्यांतील कागद समोरासमोर ठेवल्याखेरीज हा दिवस वाचणे म्हणजे पत्रव्यवहारातील एकाच बाजूची पत्रे वाचणे होय.

कायद्यानंतरचे मौन

निक्सन यांच्या काळापर्यंत राष्ट्राध्यक्षांची कागदपत्रे ही त्यांची खासगी मालमत्ता मानण्याची प्रथा होती. निक्सन यांच्या फिती व कागद १९७४ च्या विशेष कायद्याने शासनाने ताब्यात घेतले. १९७८ च्या अधिनियमाने, २० जानेवारी १९८१ पासून, असे सर्व अभिलेख राष्ट्राच्या मालकीचे झाले. मालकीचा प्रश्न सुटला. नोंद मुळात केलीच नाही तर काय, हा प्रश्न उरला. कायदा कामकाजाची पुरेशी नोंद ठेवण्यास सांगतो, पण न ठेवणाऱ्याचा हात धरू शकत नाही.

६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकी संसदभवनावर जमावाने हल्ला केला. त्या दिवसाचे डोनाल्ड ट्रम्प यांच्या कार्यालयाचे अभिलेख, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये हस्तक्षेपास नकार दिल्यानंतर, राष्ट्रीय अभिलेखागाराने प्रतिनिधीगृहाच्या चौकशी समितीकडे दिले. दूरध्वनी नोंदींत ७ तास ३७ मिनिटांची पोकळी असल्याचे मार्चमध्ये प्रसिद्ध झाले. दैनंदिनीत दुपारी १.२१ ते ४.०३ या काळाविषयी काहीच माहिती नाही. येथे पुसलेले काही नाही, लिहिलेलेच नाही.

समितीने ही पोकळी कल्पनेने भरली नाही, हे तिच्या कार्यपद्धतीचे वैशिष्ट्य. दूरध्वनीला दोन टोके असतात. व्हाइट हाउसच्या टोकाला नोंद नसली तरी रुडी जुलियानी यांच्या दूरध्वनीच्या नोंदींत त्या दुपारच्या संभाषणांचा काळ सापडला. राष्ट्राध्यक्ष ओव्हल ऑफिसलगतच्या भोजनकक्षात दूरचित्रवाणी पाहत होते, हे तेथे ये-जा करणाऱ्यांच्या साक्षींतून कळले. त्या वेळची छायाचित्रेही नाहीत. व्हाइट हाउसच्या मुख्य छायाचित्रकारांनी ऐतिहासिक नोंद म्हणून ती घेऊ इच्छिली होती. छायाचित्रे नकोत असे त्यांना सांगण्यात आले. हे त्यांनीच समितीपुढे सांगितले आणि घेतल्या न गेलेल्या त्या छायाचित्रांची नोंद अशा रीतीने समितीच्या कागदपत्रांत आली.